स्तूप हवा, भिक्षू नकोत

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या रविवारी आमच्या भागातल्या विहारात वर्षावासाचं प्रवचन संपलं आणि चहाचे कप हातात असतानाच वाद पेटला. चीनमधल्या शाओलिन मंदिराचे मठाधिपती शी योंगशिन यांच्यावर पैशांच्या अपहाराचे आणि भिक्षुशीलाचा भंग केल्याचे आरोप ठेवून चौकशी सुरू झाल्याची बातमी नुकतीच आली होती. चिनी बौद्ध संघटनेनं त्यांचं दीक्षापत्रही रद्द केलं होतं. आमच्यातले एक ज्येष्ठ काका कित्येक वर्षं सांगत आलेत की चीन पुन्हा बुद्धाकडे वळतोय, आणि हे सांगताना त्यांचा ऊर भरून येतो. कॉलेजातल्या एका मुलानं मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "काका, हे बघा तुमचं पुनरुज्जीवन. दुकान आहे नुसतं." दुसऱ्यानं लगेच भर घातली, "दुकानही त्यांचं नाही, सरकारचं आहे." काका गप्प झाले. मला ते लागलं. त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच होतं, आणि मुलांचंही सगळं चूक नव्हतं.

हा वाद आपल्याकडे नेहमी असाच होतो. एक बाजू आकडे मांडते: २०१८ च्या सरकारी श्वेतपत्रिकेप्रमाणे चीनमध्ये सुमारे ३३,५०० बौद्ध विहार आणि २,२२,००० भिक्षू-भिक्षुणी. दुसरी बाजू भानगडी मांडते: तिकीटखिडक्या, कंपन्या, झेंडावंदन. पण दोघांची नजर एकाच गोष्टीवर खिळलेली असते, विहाराच्या छपरावर. छपराला सोनं किती आणि छपराखाली घोटाळा किती. छपराखाली येणाऱ्या माणसांबद्दल कुणी बोलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चीनमधली बौद्ध श्रद्धा परतली आहे, आणि ती खरी आहे. सरकारनं ती पेरलेली नाही आणि बाजारानं ती जन्माला घातलेली नाही. अडलंय ते दुसरीकडे. या श्रद्धाळू माणसांना एकत्र येऊन, स्वतःच्या नावानं, वरून परवानगी न घेता सार्वजनिक आयुष्यात पाऊल टाकायला जागा नाही. तिथल्या राज्यकर्त्यांना स्तूप हवा आहे, स्तूपाला येणारा पर्यटक हवा आहे, स्तूपाच्या नावानं भरणाऱ्या परिषदा हव्या आहेत. स्वतःच्या पायांवर उभा असलेला संघ मात्र नको आहे. म्हणून हे पुनरुज्जीवन मोजायचं असेल तर विहार किंवा भानगडी मोजून भागणार नाही. तिथला बौद्ध माणूस कुठे कुठे "नाही" म्हणू शकतो, हे बघावं लागेल.

आता पैशाचा मुद्दा. तो टाळण्यासारखा नाही. शी योंगशिन १९९९ मध्ये मठाधिपती झाले, पण शाओलिनची कंपनी त्याच्या आदल्याच वर्षी निघाली होती. ते राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेचे सदस्य होते, बौद्ध संघटनेचे उपाध्यक्ष होते. २०१५ मध्ये त्यांच्यावर गंभीर आरोप झाले, तेव्हा चौकशीअंती बहुतेक आरोपांत तथ्य नसल्याचं सांगण्यात आलं. दहा वर्षांनी सगळं पुन्हा वर आलं. शाओलिन एकटं नाही. एमेई पर्वताच्या पर्यटन कंपनीचे शेअर १९९७ पासून शेन्झेनच्या बाजारात आहेत आणि ज्यूह्वा पर्वताची कंपनी २०१५ मध्ये शांघायच्या बाजारात उतरली. हे दोन्ही डोंगर चिनी बौद्धांच्या चार पवित्र पर्वतांपैकी. हे वाचून कुणाही बौद्ध माणसाला वाईट वाटेल, मलाही वाटतं.

पण त्या कंपन्या कुणाच्या, हे विचारलं की चित्र बदलतं. डोंगराच्या पायथ्याशी तिकीट फाडणारे भिक्षू नसतात. विहार, दऱ्या आणि रस्ते मिळून एक 'निसर्गरम्य क्षेत्र' जाहीर होतं आणि त्याचा कारभार स्थानिक प्रशासनाची पर्यटन कंपनी पाहते. ऐंशीच्या दशकापासून जिल्ह्याजिल्ह्याला महसूल हवा होता. तेव्हाची एक म्हण चीनमध्ये सर्वांच्या तोंडी आहे: संस्कृतीनं मंच उभारायचा आणि त्यावर गाणं अर्थव्यवस्थेनं गायचं. विहार त्या मंचाची फळी झाले. पुढे केंद्र सरकारलाच हे जड जाऊ लागलं. २०१२ मध्ये दहा खात्यांनी मिळून विहारांचा असा ठेकेदारी व्यवहार बंद करायला सांगितलं आणि २०१७ मध्ये बारा खात्यांनी पुन्हा तसंच पत्रक काढलं. एकच हुकूम दोनदा काढावा लागला, यावरून पहिल्याचं काय झालं असेल ते कळतं.

आणि पैसा आला म्हणजे धम्म गेला, हे कुणी सांगितलं? आपण तरी हे म्हणू नये. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दोन हजार कार्षापणं (त्या काळची नाणी) ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजानं, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं द्यायची असं ठरवून दिलं. हिशोब करून पाहा, वर्षाचे दोनशे चाळीस बरोबर बसतात. ठेव, व्याज, श्रेणी, सगळं आहे, आणि तरी ते दान आहे. चीनच्या जुन्या राजधानीत, चांगआनमध्ये, ह्वादू विहारात तांग काळात 'अक्षय कोश' होता. लोक त्यात दान टाकत, त्यातून पडक्या विहारांची डागडुजी होई आणि गरजूंना उसने पैसे मिळत. ७१३ मध्ये सम्राटानं तो कोश बंद केला. मग फरक कशात आहे? उषवदातानं सगळा हिशोब दगडावर कोरून ठेवला, लेण्यात येणाऱ्या प्रत्येकाला तो वाचता यायचा. शाओलिनचा हिशोब शाओलिनच्या भिक्षूंना कुठे वाचता येत होता? आणि त्यांना शंका आली असती तर त्यांनी तक्रार कुणाकडे करायची होती? ज्या संघटनेकडे जायचं तिचे उपाध्यक्ष कित्येक वर्षं त्यांचेच मठाधिपती होते.

हा धोका आज कळलेला नाही. तायशू नावाचे एक तरुण भिक्षू १९१३ मध्येच म्हणाले होते की चिनी बौद्धांना तीन क्रांत्या हव्यात: शिकवणुकीची, संघरचनेची आणि मालमत्तेची. विहाराची मालमत्ता एका मठाधिपतीची आणि त्याच्या शिष्यपरंपरेची न राहता साऱ्या संघाची व्हावी, असा त्यातल्या तिसरीचा अर्थ. तायशूंना जुन्या भिक्षूंनी वेड्यात काढलं. मेलेल्यांच्या विधींवर जगणारा धर्म जित्यांच्या उपयोगी पडला पाहिजे, असं ते १९४७ मध्ये जाईपर्यंत सांगत राहिले. ते वाचताना मला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेतला बाबासाहेबांचा प्रश्न आठवतो: भिक्षू केवळ परिपूर्ण माणूस असेल तर त्याचा धम्माला उपयोग काय? तो समाजाचा सेवक झाला तरच आशा आहे. दोन देश, दोन वेगळी दुःखं, आणि प्रश्न मात्र एकच.

संघ आतून सुधारू शकतो का, याचं एक उदाहरण शाओलिनच्याही आधीचं आहे. बीजिंगजवळचा लोंगच्युआन विहार शिकल्यासवरल्या तरुणांमुळे गाजला होता. उच्चशिक्षित माणसं तिथे दीक्षा घेत होती, एक छोटा यंत्रभिक्षूही त्यांनी तयार केला होता. विहाराचे प्रमुख श्युएचंग २०१५ पासून साऱ्या चिनी बौद्ध संघटनेचे अध्यक्ष होते. २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच विहारातल्या दोन भिक्षूंनी ९५ पानांचा अहवाल तयार केला. भिक्षुणींचा लैंगिक छळ झाल्याचे त्यांचे आरोप त्यात पुराव्यांसह मांडले होते. अहवाल इंटरनेटवर पसरला आणि भराभर पुसलाही गेला. पण ऑगस्टमध्ये श्युएचंग यांना पद सोडावं लागलं. "तिथं सगळं खोटं" म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं? तो अहवाल ना पोलिसांनी लिहिला, ना परदेशी पत्रकारांनी. शीलाची चाड असलेल्या दोन भिक्षूंनी, आपलं विहारातलं स्थान पणाला लावून लिहिला. माझ्या लेखी लोंगच्युआनमधलं बौद्ध पुनरुज्जीवन त्या ९५ पानांत आहे, यंत्रभिक्षूत नाही.

दुसरा मुद्दा सत्तेचा, आणि तो पैशाहून जड आहे. सांस्कृतिक क्रांतीत विहार बंद झाले, मूर्ती फुटल्या, भिक्षूंना चीवर उतरवून कारखान्यांत आणि शेतांत जावं लागलं. १९८२ मध्ये कम्युनिस्ट पक्षानं धर्मविषयक धोरणाचा दस्तऐवज काढून दार किलकिलं केलं आणि पुढच्याच वर्षी १४२ मोठे विहार धार्मिक कार्यासाठी खुले करण्याची यादी निघाली. म्हणजे दार सरकारनंच उघडलं. गेल्या दहा वर्षांत तेच सरकार 'धर्मांचं चिनीकरण' करतंय. २०१८ पासून धार्मिक कारभार थेट पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाकडे गेला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शाओलिनच्या अंगणात पहिल्यांदा राष्ट्रध्वज चढला, आणि मार्च २०२२ पासून इंटरनेटवर धर्माबद्दल काही शिकवायचं तर परवाना लागतो. जागतिक बौद्ध परिषदा २००६ पासून भरतात आणि त्यांत परराष्ट्र धोरणाचा हात उघड दिसतो. हे सगळं मला मान्य आहे. बुद्धाचे अवशेष विमानानं परदेशी पाठवून मैत्री जोडायचं काम आपलं सरकारही करतं, पण त्यानं चीनची बाजू सुधारत नाही.

मात्र सत्ता वापर करते म्हणजे वापरलेली वस्तू तिचीच होते, हे मला पटत नाही. हा पेच चीनमध्ये सोळाशे वर्षांचा आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी उत्तरेकडच्या वेई राज्यात फाग्वो नावाचे भिक्षुप्रमुख होते. भिक्षूनं राजापुढे झुकावं का, असा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, हा राजाच आजचा तथागत आहे, मी नमन करतो ते बुद्धालाच. त्याच सुमारास दक्षिणेत लूशान पर्वतावर हुइयुआन होते. सत्ता बळकावलेल्या हुआन श्वाननं भिक्षूंनी दरबारी प्रणाम करावा असा आग्रह धरला. हुइयुआननी पत्र लिहून विरोध केला, आणि ४०४ मध्ये त्यावर एक निबंधच लिहिला: घरदार सोडलेला माणूस राजाला वंदन करत नाही. हुआन श्वाननं आग्रह सोडला. दोघेही चिनी, दोघेही बौद्ध, आणि दोघांचीही परंपरा पुढे चालली. ८४५ मध्ये सम्राट वूझोंगनं ४,६०० विहार पाडले, दोन लाख साठ हजारांवर भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत धाडलं, घंटा आणि मूर्ती वितळवून नाणी पाडली. पुढच्याच वर्षी तो वारला आणि विहार पुन्हा उभे राहू लागले. ज्या धर्माला राजा पाडू शकतो पण संपवू शकत नाही, तो राजाच्या हुकमानं जन्मलेला कसा म्हणायचा? १९८२ मध्ये सरकारनं दार उघडलं हे खरं, पण दाराबाहेर माणसं उभी होती म्हणूनच उघडण्याला अर्थ होता.

फाग्वो आणि हुइयुआन आजही एकाच आवारात राहतात, हे मला २०१३ च्या एका प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसलं. शीआनच्या दक्षिणेला शिंगज्याओ विहार आहे. ह्युएन त्संगाच्या अस्थी ६६९ मध्ये इथे आणल्या. विटांचा त्याचा स्तूप आणि दोन्ही अंगांना त्याच्या दोन शिष्यांचे लहान स्तूप अजून उभे आहेत. हाच ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला होता. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, संकटातल्या माणसानं हाक मारली तर स्वतःला विसरून धावतात, असं त्यानं आपल्याबद्दल लिहून ठेवलं. रेशीम मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा मिळावा म्हणून प्रस्ताव जात होता आणि त्यात या स्तूपांचा समावेश होता. आवार 'मूळ स्वरूपात' आणायचं म्हणून प्रशासनानं विहाराच्या सुमारे दोन तृतीयांश इमारती पाडायचं ठरवलं. त्यांत भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या होत्या, भोजनगृह होतं. ह्युएन त्संगाचा स्तूप राहणार होता. त्याच्या स्तूपाशेजारी जेवणारे, झोपणारे, पहाटे उठून सूत्रं म्हणणारे जाणार होते.

विहारानं नकार दिला. आम्हाला त्या यादीतूनच वगळा, असं मठाधिपतींनी जाहीरपणे सांगितलं. बातमी फुटली आणि देशभरातून लोक चिडून लिहू लागले. त्यांत बौद्ध होते, नास्तिक होते, इतिहासाचे अभ्यासक होते. पाडापाडीचा बेत मागे पडला आणि २०१४ मध्ये ते तीन स्तूप वारसा यादीत गेले. सत्तेपुढे न झुकणारा हुइयुआन मला त्या नकारात दिसला. आपल्याला हे लवकर समजायला हवं, कारण भिक्षू नसलेला स्तूप म्हणजे काय हे आपण रोज पाहतो. कान्हेरीच्या लेण्यांत पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत, दगडात कोरलेले झोपायचे ओटे आहेत. सगळं जपलंय, तिकीटही आहे. त्या ओट्यांवर झोपणारं कुणी नाही. चीनमध्ये अजून आहे, आणि आपण त्यांना "सरकारी" म्हणून मोकळे होतो.

तरुण लोक विहारांत गर्दी करतात ते नोकरीसाठी, बुद्धासाठी नाही, असा तिसरा आक्षेप. हाही खोटा नाही. २०२३ च्या सुरुवातीला एका मोठ्या प्रवास-आरक्षण कंपनीच्या नोंदींत विहारांसाठीची आरक्षणं आदल्या वर्षापेक्षा ३१० टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि येणाऱ्यांतले निम्मे १९९० नंतर जन्मलेले होते. त्याच जूनमध्ये शहरी तरुणांतली बेकारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि मग सरकारनं तो आकडा छापणंच काही काळ थांबवलं. कामावर जायचं की आयुष्यात पुढे जायचं, या दोन्हींपेक्षा आपण उदबत्ती लावू, असं एक वाक्य तेव्हा चिनी मुलांच्या तोंडी होतं. बीजिंगच्या योंगहगोंग विहारात दारातच उदबत्त्या फुकट मिळतात. मुलं त्या घेऊन एका अंगणातून दुसऱ्यात जातात, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा वाकतात, शेवटच्या दालनात चंदनाच्या एका खोडातून कोरलेल्या अठरा मीटर उंच मैत्रेयापुढे, म्हणजे भावी बुद्धापुढे, मान वर करून उभी राहतात, आणि बाहेर पडताना मनगटाला एक माळ घेतात. हा तिबेटी परंपरेचा विहार आहे. वाकणारी बहुतेक मुलं मात्र हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजातली असतात.

म्हणून ती श्रद्धा नव्हे? मग आपल्याकडे बारावीच्या परीक्षेआधी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहिलेल्या मुलाला आपण काय म्हणणार? माणूस देवळात पहिल्यांदा काहीतरी मागायलाच जातो. तो पुन्हा येतो का आणि आल्यावर त्याला तिथे काय मिळतं, हा खरा प्रश्न. मोजणीचंही तसंच. २०१८ च्या एका सर्वेक्षणात फक्त चार टक्के चिनी प्रौढांनी आपला धर्म बौद्ध सांगितला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या सर्वेक्षणात तेहतीस टक्के लोकांनी बुद्धावर किंवा बोधिसत्त्वावर विश्वास असल्याचं सांगितलं. टीकाकार चारचा आकडा उचलतात, अभिमानी तेहतीसचा. मला दोन्हींमधली दरी महत्त्वाची वाटते. चिनी भाषेत 'धर्म' म्हटलं की संघटनेत नाव असणं, शिक्का असणं असा अर्थ डोळ्यांपुढे येतो, आणि देशात दहा कोटी पक्षसदस्य असे आहेत ज्यांना नास्तिक असणं बंधनकारक आहे. एकोणतीस टक्के माणसं मनात बुद्ध ठेवतात पण कागदावर लिहीत नाहीत. आपण तर १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भर मैदानात, लाखोंच्या साक्षीनं, कागदावर आणि कागदाबाहेर सांगून टाकलं. म्हणूनच आपल्याला ती न लिहिणारी माणसं भेकड किंवा खोटी वाटतात. मोजपट्टी चुकतेय आपली. दीक्षाभूमीची पट्टी नागपूरसाठी आहे.

या न लिहिणाऱ्या गृहस्थांमध्येच चिनी बौद्ध धर्म दोनदा जिवंत राहिला. एकोणिसाव्या शतकातल्या तायपिंगच्या बंडाळीत यांगत्सेच्या खोऱ्यातले विहार आणि ग्रंथांचे ठसे जळून गेले, तेव्हा नानजिंगमध्ये १८६६ साली यांग वेनहुई नावाच्या गृहस्थानं ग्रंथ छापायला सुरुवात केली. तो भिक्षू नव्हता, बांधकामं पाहणारा सरकारी नोकर होता. चीनमध्ये हरवलेले शेकडो बौद्ध ग्रंथ त्यानं जपानी मित्राच्या मदतीनं परत मिळवले आणि लाकडी ठशांवर पुन्हा कोरले. आपलं राहतं घर त्यानं या कामाला देऊन टाकलं. तायशू त्याच्याच शाळेत शिकले. सुधारक तान सितोंग त्याच्याकडेच बौद्ध विचार शिकला आणि १८९८ च्या सुधारणा बुडाल्यावर, पळायची संधी असूनही न पळता, वधस्तंभाकडे गेला. आपलं ऋणही या गृहस्थी परंपरेशी जोडलेलं आहे. पुण्याचे पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' या बौद्ध साधनेवरच्या दोन जुन्या ग्रंथांची तुलना केली, ती चिनी भाषेनं विमुत्तिमग्ग सांभाळला म्हणूनच शक्य झाली. मूळ ग्रंथ आपल्याकडून हरवला होता.

आजही चीनमधल्या कुठल्याही विहारात दाराजवळ एक फळी असते. तिच्यावर सूत्रांच्या पातळ पुस्तिका रचलेल्या, हवी ती फुकट न्यायची. पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरांत नावांची यादी: कुणी दोनशे युआन, कुणी वीस, कुणी मेलेल्या आईच्या नावानं. मला ती यादी पाहिली की कार्ल्याच्या चैत्याचे खांब आठवतात. तिथेही खांबाखांबावर धेनुकाकट नावाच्या गावच्या साध्या माणसांनी आपापलं दान कोरून ठेवलंय, त्यात सुतार आहे, गंधी आहे. ही माणसं कुठल्याच बातमीत येत नाहीत.

मग अडतं कुठे? १२ मे २००८ ला दुपारी दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सिच्वान हादरलं. शिफांग शहरात माता-बाल रुग्णालयाची इमारत धोकादायक झाली आणि बाळंतपणाला आलेल्या बायकांना जवळच्या लुओहान विहाराच्या आवारात आणलं. लुओहान म्हणजे अर्हत. विहारात रक्त सांडू नये, मांस शिजू नये हा नियम. मठाधिपती सूच्युआन यांनी तो बाजूला ठेवला. मरणाऱ्याला समोर पाहून हात न देणं, यापेक्षा मोठा शीलभंग बुद्धाच्या घरात नाही, असा त्यांचा विचार होता. ध्यानाला बसायचे बाक एकमेकांना जोडून शस्त्रक्रियेचं टेबल झालं, वर ताडपत्री ताणली, आणि बाहेर पाऊस पडत असताना त्या बाकांवर सिझेरियन झालं. बाळंतिणींसाठी विहाराच्या चुलीवर कोंबडीचं सूप चढलं. ऑगस्टपर्यंत तिथे १०८ मुलं जन्मली, जपमाळेच्या मण्यांइतकी. हे "दुकान" आहे? हे "सरकारी" आहे? सूच्युआननी कुणाला विचारून तो नियम बाजूला ठेवला?

पण त्या रुग्णालयाचं पुढे काय झालं, हाही प्रश्न विचारायला हवा. ते आपल्या इमारतीत परत गेलं. विहार पुन्हा विहार झाला. तायवानशी तुलना करा, तीच भाषा, तीच सूत्रं, तायशूंचीच परंपरा. १९६६ मध्ये ह्वालिएनमध्ये भिक्षुणी चंग येन यांनी तीस गृहिणींना सांगितलं की रोज बाजारात जाण्यापूर्वी बांबूच्या नळीत अर्धा तायवानी डॉलर टाका. त्यातून त्झू ची संस्था उभी राहिली, तिनं रुग्णालयं काढली, वैद्यकीय महाविद्यालय काढलं, १९९९ च्या भूकंपानंतर पडलेल्या शाळा बांधून दिल्या. पण तायवानमध्येही लष्करी कायदा होता तोवर एका सरकारमान्य संघटनेच्या पंखाखालीच सगळ्यांना राहावं लागे. १९८७ मध्ये तो कायदा उठला आणि मग या संस्था खऱ्या फोफावल्या. श्रद्धा आधीही होती. मोकळीक नंतर आली. शिफांगच्या मठाधिपतीत आणि ह्वालिएनच्या भिक्षुणीत करुणेचा फरक मला दिसत नाही. एकीला आपल्या करुणेची संस्था करता आली, दुसऱ्याला तीन महिने मिळाले.

आणि तिबेट. इथे माझ्याकडे प्रतिवाद नाही, आणि असल्याचं दाखवणारही नाही. सिच्वानमधल्या सेर्तार खोऱ्यातलं लारुंग गार हे तिबेटी बौद्ध शिक्षणकेंद्र १९८० मध्ये खेनपो जिग्मे फुन्त्सोक यांनी काढलं. लाल लाकडी खोल्यांनी डोंगर भरून गेला, तिबेटी भिक्षू-भिक्षुणींबरोबर हान विद्यार्थीही शिकायला येऊ लागले. २०१६ मध्ये तिथली वस्ती पाच हजारांवर आणण्याचा हुकूम निघाला, खोल्या पाडल्या गेल्या, माणसं हाकलली गेली. १९९५ मध्ये पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांनंतरचे मोठे तिबेटी धर्मगुरू, म्हणून ओळखलेला सहा वर्षांचा मुलगा त्यानंतर जगाला दिसलेला नाही. जे म्हणतात की चीनमध्ये बौद्धांना आता मोकळीक आहे, त्यांनी या दोन गोष्टींसमोर आपलं वाक्य पुन्हा उच्चारून पाहावं. माझ्या मुद्द्याला मात्र तिबेट छेद देत नाही, तो त्याचा सर्वांत कडवट पुरावा आहे. १४ एप्रिल २०१० ला तिबेटी पठारावरचं युशू भूकंपानं जमीनदोस्त झालं, तेव्हा आसपासच्या मठांतले हजारो भिक्षू उघड्या हातांनी ढिगारे उपसत होते, प्रेतांना अग्नी देत होते. थोड्याच दिवसांत त्यांना परत जायला सांगितलं गेलं आणि दूरचित्रवाणीवरच्या गौरवाच्या कार्यक्रमांतून ते गायब झाले. शिफांगचा मठाधिपती एकटा होता, त्याचं कौतुक झालं. युशूचे भिक्षू हजारो होते आणि आपापल्या मठाच्या सांगण्यावरून आले होते. भीती श्रद्धेची नाही, एकत्र आलेल्या हातांची आहे.

काकांना मी पुढच्या रविवारी एवढंच सांगितलं की तुमचा चीन खरा आहे, फक्त तो तुम्ही छपरावर शोधत होता. आणि त्या मुलाला यांग वेनहुईची उरलेली गोष्ट सांगितली. १९११ मध्ये तो वारला. जिथे ठसे आहेत तिथेच माझी शवपेटी ठेवा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं, म्हणून नानजिंगच्या त्या आवारातच त्याचा स्तूप आहे. सांस्कृतिक क्रांतीत काम बंद पडलं, ठसे विखुरले. १९७३ मध्ये त्याची नात परदेशातून नवऱ्याबरोबर चीनमध्ये आली, पंतप्रधान चौ एनलाय यांना भेटली, आणि आजोबांच्या छापखान्याचं काय झालं असं तिनं विचारलं. त्या एका प्रश्नानंतर ठसे पुन्हा गोळा होऊ लागले. आज तिथे एक लाखाहून जास्त ठसे मांडण्यांवर उभे आहेत. खालच्या दालनात कोरणारे रानटी नासपतीच्या फळीवर सूत्राचा कागद उलटा चिकटवतात, पातळ सुरीनं एकेक अक्षर उलटं कोरतात, आणि छापणारा फळीला शाई लावून वर कागद ठेवतो, ब्रश फिरवतो आणि कागद उचलून सुलट करतो.